उपाशी मनगट

उल्हासराव खटावकरांनी डबा उघडला आणि बराच वेळ ते त्याच्याकडे नुसते बघत बसले. दीड पोळी. दोडक्याची भाजी, तीही पाण्यात पोहणारी. वाटीभर पातळ ताक आणि काकडीच्या सहा चकत्या. चकत्या त्यांनी मोजल्या, कारण मोजणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी वजनमापे निरीक्षक म्हणून साताऱ्यापासून शिराळ्यापर्यंतचे बाजार पालथे घातले होते. झाकणावर नेहमीची चिठ्ठी होती. 'आजचे लक्ष्य : बाराशे ऐंशी उष्मांक. काल आपण अकराशे पावले कमी चाललात. गोड : नाही.'

"कैदी आहे का मी?" ते डब्याला म्हणाले. डबा काय बोलणार?

कराडच्या संगमदर्शन सोसायटीत आता कुणाच्या घरी चूल अशी पेटत नसे. चहापुरती शेगडी आणि दूध तापवायची सोय, बस. गेटाजवळ सोसायटीचं सामाईक स्वयंपाकघर होतं, त्याला सगळे गमतीने मुदपाकखाना म्हणत. तिथली यंत्रं सत्तर घरांचे डबे भरत आणि दुपारी एकच्या ठोक्याला दारात आणून ठेवत. कुणाच्या डब्यात काय नि किती, हे ठरवायचं ज्याच्या-त्याच्या मनगटावरचं कडं.

कडं दिसायला साधंच होतं, करड्या रबराचं. आतल्या बाजूला बारीक दिवे. हिरवा दिवा नाडी मोजायचा. डोळ्यांना न दिसणारा दुसरा एक किरण कातडीखालच्या द्रवातली साखर हुडकायचा. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. घामातल्या अंशांवरून त्याला कळायचं की शरीर आत्ता खाल्लेलं जाळतंय, साठवलेली चरबी जाळतंय, की तीही पुरेना म्हणून स्नायूंवर उठलंय. नाडी, हालचाल आणि अंगातली ऊब यांची सांगड घालून ते खर्च झालेली ऊर्जा काढायचं आणि दुपारी बाराला मुदपाकखान्याला नवा आकडा कळवायचं. जास्त राबलात, जास्त खा. बसून राहिलात, काकडी खा. बाहेरून चोरून पेढा खाल्ला, तर तासाभरात साखरेची रेघ टेकाड चढायची आणि पोराबाळांच्या फोनवर निरोप जायचा. साठीपुढच्यांच्या आरोग्यविम्याची तशी अटच होती. त्यामुळे संगमदर्शनमधले ज्येष्ठ नागरिक ठणठणीत होते आणि भयंकर चिडलेलेही.

उल्हासराव तर खाण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. पत्नी वासंतीबाई जाऊन तीन वर्षं झाली, मुलगी केतकी नाशिकला शाळेत शिकवायची, आणि घरात बोलायला कुणी नाही. उरलं होतं ते जेवण. त्यातही दोडका.

कल्पना सुचली ती एका मंगळवारी सकाळी. वैजंता बाथरूम घासत होती. घर पुसायला यंत्र होतं, पण ते कोपऱ्यात अडकून हंबरडा फोडायचं. म्हणून कोपरे, धुणं, खिडक्या आणि बाथरूम अजून वैजंताकडेच होतं. चाळिशी ओलांडलेली, काटक, या इमारतीत पाच घरी कामाला. ती उकिडवी बसून फरशीवर ब्रश चालवत होती, उठत होती, बादली उचलत होती. उल्हासराव खुर्चीत बसून ते पाहत होते आणि मनात म्हणत होते, हिच्या हाताला कडं असतं तर आज बासुंदी आली असती.

आता अडचण एकच. कडं मालकाची नाडी ओळखायचं. प्रत्येकाच्या ठोक्याची चाल वेगळी असते. परकं मनगट लागलं की ते बोंबलायचं. पण उल्हासराव पडले वजनमापेवाले. कुठल्याही काट्यात थोडी चूक चालवून घेतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्यांची नाडी औषधांनी, सर्दीने, झोप न झाल्याने बदलत राहते, म्हणून बनवणाऱ्यांनी कड्याला सूट दिलेली होती : हळूहळू झालेला बदल ते निमूट स्वीकारायचं. काटा मारणारे व्यापारीही कधी किलोला पावभर मारत नाहीत. चिमूटभर, मग आणखी चिमूटभर. अशा कितीजणांना उल्हासरावांनी भर बाजारात उघडं पाडलं होतं आणि 'काटामाऱ्या' ही त्यांच्या तोंडची सगळ्यांत जहाल शिवी होती.

"वैजंता, जरा हे हातात घालतेस का? माझ्या मनगटाला खाज सुटते, आणि काढलं की हे ओरडतं."

"द्या की काका." तिने ओला हात पदराला पुसला. "हरवलं तर माज्या डोस्क्यावर न्हाई न्हवं बसनार?"

"नाही गं. वीसच मिनिटं."

पहिल्या दिवशी वीस, दुसऱ्या दिवशी चाळीस. दहाव्या दिवशी कडं नऊपासून बारापर्यंत वैजंताच्या हातात होतं आणि ते तिच्याबरोबर पाचही घरांत फिरून येत होतं. बाराला पाच मिनिटं कमी असताना ती ते परत आणून द्यायची, म्हणजे आकडा जाताना कडं मालकाच्याच हातात असे.

डबा गुटगुटीत होऊ लागला. आधी अडीच पोळ्या, त्यावर तुपाचा हात. मग मसालेभात. मग चिठ्ठीवर पहिल्यांदाच ते शब्द उमटले : 'गोड : होय.' शेंगदाण्याचा लाडू होता. उल्हासरावांनी तो चार घासांत, डोळे मिटून खाल्ला. चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ होती. 'शरीर उपाशी आहे. जेवणाआधी एक केळे घ्यावे.' ते मोठ्याने हसले. कड्याला पुरतं गंडवलं होतं! त्यांनी केळंही खाल्लं. तशी ओळ मग रोजच येऊ लागली आणि ती वाचून त्यांना रोज नव्याने भूक लागू लागली. खाल्ल्यावर कडं मनगटावर असायचं, साखर चढायची, पण आता ते तक्रार करत नव्हतं. इतकं राबलेल्या शरीराने जेवायला नको का?

केतकीचा फोन आला. "बाबा, काय चालता हो तुम्ही! आणि सकाळी साखर बासष्ट? काही खात नाही का तुम्ही न्याहारीला? मी मुदपाकखान्याला कळवलंय, दही आणि खजूर वाढवा म्हणून."

"अगं, असू दे," उल्हासराव म्हणाले. पण खजूर नको, असं काही ते म्हणाले नाहीत.

सोसायटीच्या सभागृहात भरणाऱ्या रविवारच्या कट्ट्यावर त्यांचा सत्कार झाला. सोसायटीतली सगळ्यांत हालती-चालती व्यक्ती! अध्यक्ष धैर्यशील मोहिते यांनी गुलाबाचं फूल दिलं आणि उल्हासरावांनी 'चालण्याचे महत्त्व' या विषयावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. मागच्या बाजूला वैजंता सभागृहाच्या काचा पुसत होती. भाषण संपल्यावर तिनेही टाळ्या वाजवल्या, फडकं काखेत धरून.

त्रेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला केतकीचा पुन्हा फोन आला. ती रडत होती.

"बाबा, अहवाल आलाय. तुम्ही मला काही सांगितलं का नाही?"

"कसला अहवाल?"

"कड्याचा. सहा आठवड्यांचा. वाचते, ऐका. 'रोज सकाळी शरीराची स्थिती सुमारे सतरा तास अन्न न मिळाल्यासारखी. पाणी जवळजवळ नाही. शरीर स्नायू जाळत आहे. मूत्रपिंडावर ताण संभवतो. तातडीने तपासणी करावी.' बाबा, तुम्ही डबा खाता ना? का कुणाला देऊन टाकता?"

"कड्यातच काहीतरी बिघाड असेल," ते म्हणाले.

"बिघाड नाही. त्यांनी दोनदा तपासलंय. मी उद्या येते."

फोन ठेवून त्यांनी अहवाल पडद्यावर उघडला. आकडे वाचायची त्यांना आयुष्यभराची सवय, पण गेले त्रेचाळीस दिवस त्यांनी फक्त खालचा आकडा वाचला होता, उष्मांकांचा. आता त्यांनी रेघ वाचली. नऊ वाजता साखर खाली. दहाला आणखी खाली, नाडी मात्र वर. अकराला ती थरथरायची. बाराला एकदम उंच उडी. ती उडी त्यांची स्वतःची होती, कडं त्यांच्या मनगटावर आल्याची. त्याआधीची घसरण दुसऱ्या कुणाची तरी होती. यंत्र गंडलं नव्हतं. त्रेचाळीस दिवस ते एकच गोष्ट ओरडून सांगत होतं की हे माणूस उपाशी आहे, याला खायला द्या. खायला आलंही होतं आणि ते उल्हासरावांनी खाल्लं होतं.

आतून ब्रशचा आवाज येत होता. ते बाथरूमच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"वैजंता, सकाळी काय खाऊन येतेस?"

"आज उपास हाय काका."

हे वाक्य त्यांनी शंभरदा ऐकलं असेल. चहा विचारला की उपास, बिस्किट पुढे केलं की उपास. बायका करतात उपास, असं म्हणून ते चहा स्वतःच प्यायचे.

"आणि काल?"

"कालबी... व्हता की."

"काल काय होतं?"

ती हसली आणि खाली बघून घासू लागली.

"सतरा तास उपाशी असतेस तू. पाणीसुद्धा पीत नाहीस. हे कडं सांगतंय."

वैजंताने हातातल्या कड्याकडे रागाने पाहिलं. "लई चुगलखोर हाय की मेलं!"

"घरी काही अडचण आहे का?"

"छ्या! घरात समदं हाय. आवो काका..." ती अडखळली. बाईमाणसाने पुरुषाशी बोलायची ही गोष्ट नव्हे, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "सकाळच्याला काय पोटात घातलं, पानी पिलं, की जायाला लागतंय. आन जायाचं कुठं? गेटापाशी आमचं व्हतं ते पाडलं न्हवं, तुमच्या त्या मुदपाकखान्यापायी. घरला जाऊन यायचं तर तासभर मोडतो. म्हून आदल्या दिशी सातला जेवती, ते एकदम दुपारी घरी गेल्याव. सवय झालीया आता. कुनी खा म्हनलं की उपास हाय म्हनायचं. उपास म्हनलं की मानूस आग्रेव करत न्हाई."

उल्हासरावांना ती सभा आठवली. 'सेवकांचे स्वच्छतागृह पाडून जागा मोकळी करणे.' एकमताने मंजूर. हात वर करणाऱ्यांत ते पहिल्या रांगेत होते.

"अगं, मग इथं जायचंस की! इथं आहे ना!" त्यांनी हात केला. ती बसली होती तिथेच होतं ते, तिनेच घासून लख्ख केलेलं.

वैजंताने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते भलतंच काही बोलले. "तुमच्यात? तसं कसं काका?"

जाऊ नकोस असं तिला या घरात कुणी कधीच म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नव्हतं. उल्हासरावांना लाज वाटली. नोकरीत साहेबांनी चारचौघांत झापलं तेव्हाही वाटली नव्हती इतकी वाटली. कान तापले, हात कुठे ठेवावेत कळेना. त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. खाज खोटी होती. तुझ्या कष्टावर मी लाडू खाल्ले, तुझ्या उपासाचं मी जेवलो.

तिने ब्रश खाली ठेवला. मग घाईघाईने कडं काढून तिने दोन्ही हातांनी पुढे केलं. "मग माज्यापायी तुमचं काय बिगाडलं तर न्हाई न्हवं? ताई रडत व्हत्या फोनवर. मला आधी म्हाईत असतं तर खाऊन आले असते, काका."

त्यांनी कडं घेतलं आणि स्वतःच्या मनगटावर चढवलं.

त्यांनी केतकीला फोन लावला. "तू येऊ नकोस. मी ठणठणीत आहे. केतकी, मी काटा मारला गं." मग सगळी हकीकत.

केतकीने विचारलं, "किती दिवस?"

"त्रेचाळीस."

"मी सगळ्या स्टाफरूमला तुमचे आकडे दाखवायची, बाबा," ती म्हणाली आणि तिने हळूच फोन ठेवला. आदळला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी कट्ट्यावर उल्हासराव स्वतःहून उभे राहिले. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं होतं की जबाब द्यायचा तर पुरा द्यायचा. नोकरीत त्यांनी घेतलेल्या जबाबांत तारीख, वार, वजन, सगळं असायचं. अर्धवट जबाब त्यांनी कधी स्वीकारला नाही. म्हणून त्यांनी काही म्हणता काही वगळलं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी चाळीस, दहाव्या दिवशी तीन तास. कडं का फसलं. बाराला पाच कमी असताना परत का घ्यायचं. ती बाई उपाशी असायची म्हणून आकडा कसा दुपटीने चढायचा आणि चिठ्ठीवर गोड कसं यायचं. मग ती उपाशी का असायची, तेही त्यांनी सांगितलं. "आपण सगळ्यांनी हात वर केले होते," ते म्हणाले. "मी तर आधी केला होता."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळेच वाजवू लागले. "खटावकर, हे बोलायला छाती लागते," मोहिते गहिवरून म्हणाले. "सेवकांच्या सोयीचा विषय आपण पुढच्या वार्षिक सभेत जरूर घेऊ." उल्हासरावांना हलकं वाटलं. बाहेर पडताना तिसऱ्या मजल्यावरच्या सानेकाकूंनी त्यांना गाठलं. त्यांना साखर होती आणि गेल्या पाडव्यापासून श्रीखंडाचं बोटसुद्धा मिळालं नव्हतं.

"वीस मिनिटांनी सुरुवात, म्हणालात ना? आणि रोज वीसच वाढवायची?"

"वीसच. घाई केली की ते ओरडतं," उल्हासरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मन मोकळं झालेल्या माणसाला कुणी काही विचारलं की बरंच वाटतं.

त्यांचा डबा पुन्हा दीड पोळीवर आला. मात्र आता ते वैजंतासाठी सकाळी स्वतः पोहे करायचे, चहाच्या शेगडीवर, अर्धे कच्चे नि अर्धे करपलेले. नऊला ती आली की आधी ताटली तिच्यापुढे ठेवायचे आणि नंतर मुद्दाम अर्धा तास खाली बागेत जाऊन बसायचे, म्हणजे तिला संकोच नको. पहिले दोन दिवस तिने बाथरूम वापरून पुन्हा सगळं घासून ठेवलं, भिंतींसकट. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी टाकलं. पाचव्या दिवशी म्हणाली, "काका, पोह्यात मीठ जरा बेतानं," आणि त्यांना केवढा आनंद झाला! तिचे गाल वर येताहेत असंही त्यांना वाटलं, पण तो त्यांचा भास असेल. केतकी अजून फोनवर मोजकंच बोलत होती.

तेराव्या दिवशी सकाळी वैजंता आली आणि ताटलीकडे न बघता सरळ बादली घ्यायला निघाली.

"अगं, आधी खाऊन घे. आज मीठ बेताचं आहे."

"नगं काका."

"उपास आहे?" त्यांनी चेष्टेने विचारलं.

"उपास न्हाई." बादली घ्यायला ती वाकली तशी तिची बाही वर सरकली. मनगटावर करड्या रबराची चार कडी होती, एकावर एक. "ही तीन तिसऱ्या मजल्यावरची आन एक मोहितेसायबांचं. सानेकाकू म्हनल्या, बारापातूर काय खाऊ नगंस, पानीबी पिऊ नगंस, न्हाईतर आकडा पडतो. तेवढं आमच्यासाठी कर म्हनल्या."

उल्हासरावांनी ताटली खाली ठेवली. "त्यांना हे कुणी सांगितलं?"

वैजंताला त्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"तुमीच की काका," ती म्हणाली. "सभेत सांगितलंसा न्हवं?" आणि चारही कडी कोपराकडे सारून ती बाथरूम घासायला आत गेली.